नागुबाईचा अंगठा

"तुम्ही खोटं बोलत असाल, तर आत्ताच सांगा. खोट्या माणसाचंही काम मी घेते. फक्त मला ते आधी माहीत पाहिजे."

जगदेवी बिराजदार प्रत्येक नव्या माणसाचं स्वागत असंच करायच्या. पाणीबिणी नंतर. पोस्टात तेहतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी गहाळ पत्रं आणि खोट्या सह्या शोधण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर बाई लातूरच्या गंजगोलाईमागे एका खोलीत खासगी तपासाची पाटी लावून बसल्या. जोडीला किशनराव मास्तर. अहमदपूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, स्वभावाने गरीब, तोंडाने सैल. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या अहमदपूरला ठाऊक होतं. तरी बाईंनी त्यांना धरून ठेवलं होतं, कारण कुठलंही अनोळखी दार मास्तरांचा चेहरा बघून उघडायचं.

समोरची बाई तिशीची होती. सकाळच्या एस.टी.ने नांदेडहून आलेली. नाव बुद्धप्रिया सोनसळे, किनवटच्या एका कॉलेजात कंत्राटी प्राध्यापक.

"खोटं बोलायचं असतं तर चार तास धक्के खात लातूरला कशाला आले असते?" ती म्हणाली. "नांदेडातच बोलले असते."

जगदेवीबाईंना उत्तर आवडलं असावं. त्यांनी माठाकडे हात केला. "पाणी घ्या आणि बोला."

किनवटच्या पुढे जंगलातल्या गावांत मुलींची वसतिगृहं आहेत, तो बुद्धप्रियाचा अभ्यास. त्यावर तिने शोधनिबंध लिहून लातूरच्या 'मांजराकाठ' या संशोधन पत्रिकेकडे पाठवला होता. तो एकदा दुरुस्तीला परत आला, तिने दुरुस्त करून दिला, त्यावर एक तक्ता गाळायची सूचना आली ती तिने कारण देऊन नाकारली, तरी स्वीकारल्याचं पत्र आलं. महिन्याभरात दुसरं पत्र: निबंधातल्या मुलाखती बनावट असल्याची तक्रार आहे, स्वीकृती रद्द.

"तक्रार कुणाची?"

"गोपनीय."

"तक्रारीत आहे काय?"

"तेही गोपनीय! एवढंच कळवलं की साक्षीदाराने मुलाखत दिल्याचं नाकारलंय. मी अपील केलं. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार आहे. फेटाळलं तर ते विद्यापीठाला कळवणार. मग पीएच.डी. गेली, नोकरी गेली, आणि खोट्या मुलाखतीवाली हे नाव मात्र जन्मभर राहणार."

"यात काय अवघड आहे?" किशनराव म्हणाले. "जिनं मुलाखत दिली तिलाच शुक्रवारी आणून उभी करा. होऊन जाऊ द्या सोक्षमोक्ष."

"नाही."

"अहो, पण..."

"नाही म्हटलं ना सर! स्वयंपाकघरातली बाई आहे ती. हजेरीपटावर एकशे वीस मुली आणि ती भाकरी थापते सत्तर जणींची. तीन महिने तिच्या चुलीपाशी बसले तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. ती बोलली हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसेल. मी तिला शब्द दिलाय, कुणापुढे उभं करणार नाही. माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

किशनरावांना राग आला. घर जळत असताना पोरगी विहिरीला कुलूप लावून बसली होती! जगदेवीबाई निबंधाची प्रत शेवटच्या पानापासून उलटी वाचत होत्या. ती पोस्टातली सवय. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटाच्या मागे असतं. मग त्यांनी बुद्धप्रियाकडचा पत्रिकेचा एक जुना अंक उघडला आणि मागच्या वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचू लागल्या.

"नियम अकरा. अपील करणाऱ्याने लेखी नेमलेल्या प्रतिनिधीला कार्यालयात बसून सर्व कागद पाहता येतील. मात्र बैठकीपर्यंत त्यातला मजकूर अपील करणाऱ्याला सांगता येणार नाही."

"हा नियम मी वाचलाच नव्हता."

"कुणीच वाचत नाही. ज्यांनी छापला त्यांनीही वाचला नसेल. इथे सही करा."

*

'मांजराकाठ'चं कार्यालय औसा रोडवर, एका दुकानाच्या वर. तिथे ज्ञानोबा नावाचे कारकून पत्रिकेच्या पहिल्या अंकापासून बसलेले. त्यांनी दोघांना बसाही म्हटलं नाही.

"सायबांनी सांगितलंय, कुणाला काय दाखवायचं न्हाई."

जगदेवीबाईंनी अंक त्यांच्यापुढे टाकला. ज्ञानोबांनी नियम वाचला, फोन लावला, फोनवरचा आरडाओरडा कान लांब धरून ऐकला आणि कुरकुरत फाइल काढली.

तक्रार दोन पानांची, टाइप केलेली. खाली 'एक हितचिंतक'. सगळा राग तक्ता क्रमांक तीनवर, म्हणजे हजेरी आणि भाकऱ्यांच्या तक्त्यावर. सोबत एक जबाब: 'मी नागुबाई, वसतिगृहाची स्वयंपाकीण, लिहून देते की माझ्याकडे कोणीही मुलाखतीस आले नाही. भाकऱ्यांची संख्या मी कोणास सांगितलेली नाही.' त्याखाली निळ्या शाईचा अंगठा. इतका स्वच्छ की एकेक रेघ मोजून घ्यावी.

किशनरावांनी तो जबाब पुन्हा एकदा वाचला. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी निबंध चाळला होता. आभारबिभार कोण वाचतं, पण मधली पानं वाचली होती. त्यात पानोपानी हीच नागुबाई होती. जिच्यासाठी ती पोरगी स्वतःची मान कापून घ्यायला निघाली होती, तिनेच अंगठा देऊन तिला बुडवलं होतं.

"याचा लिफाफा?" जगदेवीबाईंनी विचारलं.

"रद्दीत."

"गोपनीय तक्रारीचा लिफाफा रद्दीत?"

"रोज धा लिफाफे येतात बाई. त्यांची पूजा करत बसू का?"

पोस्टातल्या माणसासमोर हे बोलायला नको होतं. बाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि आवाज मुद्दाम मऊ केला. "बरं. तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे निबंध कसा पाठवता, तेवढं सांगा."

"वरचं पान काढतो, त्याच्यावर नाव असतंय. मागचं आभाराचं पान काढतो, त्याच्यात कॉलेज, गाइड, नवरा, समदी खानदान असती. मधलं तेवढं पाठवतो. लिहिणारा कोण ते कळाया न्हाई पाहिजे. ईस वर्सं हेच करून राहिलो."

"काढलेली पानं वाचता?"

"काढतो. वाचत न्हाई."

"या निबंधाच्या प्रती किती गेल्या?"

"पहिल्या बारीला एक, हितंच लातुरात, हातोहात. ते सर लई भडकले, हा कचरा पुन्हा माझ्याकडं धाडू नका म्हणले. दुरुस्त होऊन आला तवा एकच प्रत, एस.टी. पार्सलनं नांदेडला."

"कुणाला?"

"ते सायबांना इचारा. मला पोट हाय."

साहेब तेवढ्यात जिना चढून आलेच. संपादक डॉ. रेणुकादास मुखेडकर. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. "पोस्टातून निवृत्त झालेल्या बायका आता संशोधनात लक्ष घालणार वाटतं!"

"तक्रार निनावी. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. लेखिकेला एका शब्दाने न विचारता स्वीकृती रद्द केलीत?"

"पत्रिकेच्या नावाचा प्रश्न होता."

"ही नागुबाई आहे कोण, कुणी जाऊन बघितलं?"

"किनवट इथून किती लांब आहे, कल्पना आहे का?"

"सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचतंय की," किशनराव भाबडेपणाने म्हणाले. संपादकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांनी मान खाली घातली.

बाईंनी निबंधाची मूळ प्रत मागितली. मुखेडकरांनी खिशातल्या किल्लीने कपाट उघडून ती टेबलावर आपटली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. कामात माणूस निदान आळशी नव्हता.

"अपील समितीवर कोण आहे?"

"अध्यक्ष नांदेडच्या डॉ. विनीता राहेरकर. इथले डॉ. श्रीनाथ पत्की. मी सचिव."

"यांच्यापैकी कुणी हा निबंध तपासला होता?"

"छे! तज्ज्ञ वेगळे, समिती वेगळी. तेवढं कळतं आम्हाला." मुखेडकर खिडकीकडे बघत म्हणाले.

*

डॉ. श्रीनाथ पत्कींनी दोघांना फाटकातच उभं केलं.

"हो, मीच तपासला आणि मीच फेकला! लपवायचं काय त्यात? कुणी गौरम्मा चुलीपाशी बसून काहीतरी बरळते आणि ते झालं संशोधन! दोनशे बायकांशी बोला, मग या."

"आता अपील समितीवरही तुम्हीच?"

"मीच. आणि फेटाळणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"तक्रार वाचलीत?"

"वाचायची गरज काय? मुळात निबंधच भिकार आहे." आणि फाटक धाडकन बंद झालं.

किशनराव रस्त्यावर आले ते हात चोळतच. "ताई, सापडला की! याच्याइतका वैरी दुसरा कोण असणार? आणि संपादक तर म्हणले तज्ज्ञ वेगळे. धडधडीत खोटं!"

"संपादक खोटं बोलले, हे खरं."

"आणि बडबड एवढी, पण नाव तरी धड आठवतंय का? नागुबाईचं गौरम्मा करून ठेवलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथेच बुद्धप्रियाला फोन लावला. "दुरुस्तीच्या आधीचा, पहिला खर्डा आहे का तुमच्याकडे? शुक्रवारी घेऊन या. नाही, कशाला ते विचारू नका."

*

बुधवारी नांदेडला डॉ. विनीता राहेरकरांच्या घरी मात्र सोफा मिळाला, चहा मिळाला, चिवडा मिळाला. दोन दिवस शिव्या खाल्लेल्या किशनरावांना गहिवरून आलं.

"मी निबंध पाहिलेलाच नाही," विनीताबाई म्हणाल्या. "मुद्दाम. अध्यक्षाने कोरं असावं. फक्त तक्रार वाचली. फार वाईट वाटलं हो. सवलतीवर शिकलेल्या मुली, त्यांना सगळं झटपट हवं असतं. मी दोष देत नाही, पण संशोधन म्हणजे खस्ता असतात."

हे ऐकून किशनरावांनी हातातला चिवडा बशीत परत ठेवला. इतक्या गोड आवाजात इतकं कडू कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

काचेच्या कपाटात एक जाडजूड अहवाल उभा करून ठेवला होता. 'मुलींच्या वसतिगृहांचे मूल्यमापन: डॉ. विनीता राहेरकर.' शेजारी शाल-श्रीफळाचा फोटो.

"हे तुमचं?" जगदेवीबाईंनी विचारलं.

"चाळीस वसतिगृहं मी स्वतः फिरले. हजेरी शहाण्णव टक्के निघाली. राज्यात कौतुक झालं."

"किनवटकडचीही?"

"सगळीकडची."

"स्वयंपाकघरं बघितलीत?"

"अर्थात. अजून चहा घेणार ना?"

बाहेर पडल्यावर बाईंनी मास्तरांना रेल्वे स्टेशनवर सोडलं. "उद्या किनवट. तिथून पुढे वसतिगृह. नागुबाईला शोधा. ती भेटली तर एक शब्दही बोलू नका, नुसतं बघून या."

*

किनवट स्टेशनवरून जीपमध्ये बारा माणसांत तेरावे बसून किशनराव वसतिगृहावर पोचले. त्यांनी नातीच्या प्रवेशाची थाप मारली. अधीक्षकाने आवार दाखवलं, पण सावलीसारखा मागे राहिला. स्वयंपाकघरात तीन बायका होत्या. तिघींच्याही माना खाली.

"नागुबाई कोण इथं?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं केलं. "आमच्या गावाकडची आहे म्हणे."

"नागुबाई?" अधीक्षक हसला. "सात वर्षं या तालुक्यात काढली. आमच्या कुठल्याच वसतिगृहात या नावाची बाई नाही."

तिघींतली एक पदराला हात पुसत पुढे आली. "सायेब, रेशनला जायचंय. त्या मशिनीवर माझा अंगठा उमटतच न्हाई, दोन-दोन तास उभं करत्यात. लवकर सोडा."

अधीक्षकाने हात झटकून तिला जा म्हटलं.

किशनराव फाटकाबाहेर आले तेव्हा ती बाई तिथे थांबली होती. तिने फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी त्यांच्या हातात ठेवल्या. "लांबचा पल्ला हाय तुमचा." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम बऱ्या हायत का?"

"कोणत्या मॅडम?"

"न्हाई, काय न्हाई." आणि ती पटापट निघून गेली.

अधीक्षकाची बायको आजारी असेल, असं मास्तरांना वाटलं. त्यांचं डोकं दुसरीकडेच होतं. स्टेशनवर त्यांनी फोन लावला. भाकरी आणि रेशनच्या मशीनपासून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, पोरगी खोटी निघाली. नागुबाई नावाची बाईच नाही तिथं."

"नक्की नाही?"

"नक्की."

"शाब्बास मास्तर!" म्हणून बाईंनी फोन ठेवला. यात शाब्बासकीचं काय होतं ते मास्तरांना परतीच्या गाडीतही कळलं नाही.

*

शुक्रवारी अकरा वाजता टेबलाच्या मधोमध विनीताबाई, एका बाजूला पत्की, दुसऱ्या बाजूला मुखेडकर बसले होते. बुद्धप्रियाला दाराजवळची खुर्ची दिली होती. ज्ञानोबा दारात उभे.

"अपील करणारीने साक्षीदाराच्या जबाबाचं खंडन केलेलं नाही," मुखेडकरांनी वाचायला सुरुवात केली.

"कसं करणार? जबाब मला दाखवलाय कुठे?" बुद्धप्रिया ताडकन उठली.

"शांत हो बाळ," विनीताबाई म्हणाल्या.

"मी तुमची बाळ नाही."

"आता बैठक सुरू आहे, आता वाचायला हरकत नाही," जगदेवीबाई म्हणाल्या, आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी फाइलमधला जबाब मोठ्याने वाचला. 'मी नागुबाई, वसतिगृहाची स्वयंपाकीण...'

बुद्धप्रियाचं तोंड उघडंच राहिलं. ती काही बोलणार, तोच बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "मास्तर, किनवटला काय कळलं ते सांगा."

किशनराव उठले. त्या मुलीकडे बघवेना. ज्या हातांनी तिचं काम घेतलं त्याच हातांनी तिचा गळा दाबायचा! "नागुबाई नावाची बाई तिथं नाही. तालुक्यात कुठल्याच वसतिगृहात नाही."

"बघा!" मुखेडकरांनी टेबलावर थाप मारली. "यांच्याच माणसाने सांगितलं! साक्षीदारच बनावट!"

"बराबर," जगदेवीबाई म्हणाल्या. "मग साहेब, जी बाई जगात नाहीच, तिचा अंगठा तुमच्या फायलीत आला कुठून?"

मुखेडकरांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

"कपाटातली मूळ प्रत काढा. शेवटचं पान वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

मुखेडकरांनी किल्ली दोनदा खाली पाडली. आभारांच्या खाली शेवटची ओळ होती: 'या निबंधातील सर्व स्त्रियांची नावे त्यांच्या सुरक्षिततेसाठी बदलली आहेत.' त्या ओळीखाली त्यांचीच लाल पेन्सिल फिरली होती.

"नागुबाई हे नाव या मुलीने निबंधासाठी ठेवलेलं आहे," बाई म्हणाल्या. "ते नाव असलेली बाई अंगठा द्यायला येऊच शकत नाही. म्हणजे हा जबाब ज्याने रचला, त्याने निबंध वाचला होता, पण शेवटचं पान वाचलं नव्हतं. साहेब, तुम्ही भित्रे आहात, पण हे तुमचं काम नाही. ती ओळ तुम्ही अधोरेखित केलीय. तिसऱ्या तक्त्याशी ज्ञानोबांचं काही देणंघेणं नाही. शेवटचं पान नसलेली प्रत जाते ती तज्ज्ञांकडे."

"म्हणजे माझ्याकडे?" पत्की ओरडले. "माझ्यावर आळ घेता?"

"तुमच्यावर आळ घ्यायला मला फार आवडलं असतं. पण तुम्ही सुटलात. बुद्धप्रियाबाई, पहिला खर्डा दाखवा. त्यात स्वयंपाकिणीचं नाव काय?"

"गौरम्मा," बुद्धप्रिया म्हणाली. "पण शेजारच्या वसतिगृहात खरोखरच एक गौरम्मा आहे, हे मला नंतर कळलं. तिच्यावर बालंट नको म्हणून दुरुस्त प्रतीत नागुबाई केलं."

"पत्कीसरांनी फक्त पहिली प्रत पाहिली. फाटकात उभे राहून ते गौरम्मालाच शिव्या घालत होते. तक्रारही त्यांनी वाचलेली नव्हती. त्यांनी जबाब रचला असता, तर तो गौरम्माचा असता. नागुबाई हे नाव असलेली, शेवटचं पान नसलेली प्रत एकच गेली. एस.टी. पार्सलने. नांदेडला. साहेब, कुणाला?"

"ते गोपनीय..."

"मुखेडकर!" पत्की उभे राहिले. त्यांचा आवाज खाली दुकानात गेला असेल. "बोला!"

"राहेरकरबाईंना," मुखेडकर पुटपुटले. "माणसं मिळत नाहीत हो. तपासायला तेच, समितीवर तेच. दरवेळी असंच चालतं."

"मी तपासला म्हणजे मी जबाब रचला, हे कुठलं तर्कशास्त्र?" विनीताबाईंचा आवाज अजून गोडच होता. "माझा अभिप्राय काढून बघा. मी निबंधाची स्तुती केली आहे."

"स्तुती केलीत आणि शेवटी तक्ता तीन गाळावा म्हणालात. हो ना साहेब?"

मुखेडकरांनी मान हलवली. "लेखिकेने गाळायला नकार दिला. मला तिचं कारण पटलं, मी स्वीकारला."

"थेट नाकारला असता तर कारण सहीनिशी लिहावं लागलं असतं. मग कुणीतरी तो तक्ता तुमच्या अहवालाशेजारी ठेवला असता. तुमची हजेरी शहाण्णव टक्के, आणि चुलीवर भाकरी निम्म्याहून थोड्या जास्त मुलींची. तेव्हा निनावी पत्र बरं. आणि परवा चिवडा देताना काय म्हणालात? निबंध पाहिलेलाच नाही!"

बाईंनी पिशवीतून शाईचा पॅड आणि कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "पोस्टाच्या खिडकीवर मी हजारो अंगठे बघितलेत. वर्षानुवर्षं भाकरी थापणाऱ्या बाईचा अंगठा असा रेघनरेघ उमटत नाही, तो झिजतो. मास्तरांना किनवटला अशी एक बाई दिसली, जिचा अंगठा रेशनचं मशीनसुद्धा ओळखत नाही. हा अंगठा पुस्तकाची पानं उलटणाऱ्या माणसाचा आहे. चला, एकेकाने या."

ज्ञानोबा आधी आले. मुखेडकरांनी अंगठा दिला. पत्कींनी इतक्या रागाने दाबला की शाई टेबलाला लागली. मग त्यांनी पॅड विनीताबाईंपुढे सरकवला. "द्या."

"हे न्यायालय नाही."

"अंगठा द्या विनीताबाई!"

विनीताबाईंनी उजवा हात मांडीवर घेतला आणि वर पदर ओढला. गोडवा कुठल्या कुठे गेला. "एका कंत्राटी पोरीच्या भाकऱ्यांपायी माझी तीस वर्षं मातीत घालू? काय माहीत आहे तिला?"

"मॅडम, तुम्ही तिथे गेला होतात का?" बुद्धप्रियाने विचारलं. तिचा आवाज फुटला होता, पण नजर हलली नाही. "एकदा तरी?"

विनीताबाई डाव्या हाताने समोरचे कागद आवरू लागल्या.

"गेल्या असत्या तर ही चूक झाली नसती," जगदेवीबाई म्हणाल्या. "चुलीपाशी बसून जो ऐकतो, त्याला आधी ही काळजी लागते की या बाईचं नाव बाहेर जाऊ नये. यांना ते सुचलंच नाही. नाव झाकायला कुणी भेटलंच नव्हतं ना!"

विनीताबाई उठल्या आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेल्या. टेबलावरचा कोरा कागद तीन अंगठ्यांसह तसाच राहिला.

मुखेडकरांनी रुमालाने मान पुसली. "अपील मंजूर. पुढच्या अंकात निबंध घेऊ. बाकीचं आतल्या आत मिटवू. पत्रिकेच्या नावाचा..."

"नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "माझी स्वीकृती रद्द केल्याचं ज्यांना ज्यांना कळवलंत, त्या सगळ्यांना हेही कळवा. आणि काय झालं ते अंकाच्या पहिल्या पानावर छापा. माझ्याही नावाचा प्रश्न आहे."

"छापा," पत्की गुरगुरले. "निबंध मला अजूनही कच्चा वाटतो. पण छापा."

मुखेडकरांना तरीही राहवेना. "छापतो. पण नोंदीसाठी तरी ती खरी बाई कोण, हे कळू द्या. उद्या पुन्हा कुणी शंका काढली तर?"

"नाही सांगणार."

"मास्तर, तुम्ही जाऊन आलात. तुम्हाला काही अंदाज आला असेलच की!"

आणि तेव्हा कुठे किशनरावांच्या डोक्यात उजेड पडला. पदराला पुसलेले हात. झिजलेला अंगठा. फडक्यातल्या दोन भाकरी. मॅडम बऱ्या हायत का? सगळे त्यांच्याकडे बघत होते. बुद्धप्रियाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मास्तरांच्या जिभेवर ते सगळं येऊन बसलं, आणि त्यांच्या जिभेवर आलेलं आजवर कधी परत गेलं नव्हतं.

"तीन बायका होत्या," ते म्हणाले. "तिघी मला सारख्याच दिसल्या. म्हातारा माणूस साहेब, नजर गेलीय माझी."

खाली रस्त्यावर बुद्धप्रियाने त्यांना वाकून नमस्कार केला. मास्तर गडबडले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "किनवटला कुणीतरी विचारत होतं, मॅडम बऱ्या हायत का म्हणून. मला उत्तर देता आलं नाही. तेवढं तुम्हीच जाऊन सांगा."

तिने ओढणीने डोळे पुसले आणि मान हलवली. अहमदपूरमार्गे नांदेडची एस.टी. गाठायची म्हणून ती रिक्षात बसून गेली.

"काय सांगत होता तिला?" मागून आलेल्या जगदेवीबाईंनी विचारलं.

"काही नाही ताई."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "कोण होती हो ती?"

"कोण कुठली?" मास्तर म्हणाले, आणि चहा सांगायला समोरच्या टपरीकडे निघाले.